खारे पाणी, ज्वारीची भाकर आणि पातुर्ड्याची परिषद

#थ्रेड

विहिरीला पाणी लागले की पेढे वाटण्याआधी ते चाखून पाहावे लागते, असा एक पट्टा वऱ्हाडात आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरच्या या भूभागाला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याचा दक्षिण भाग त्यातच मोडतो. या मुलखातील माणसांनी काय खाल्ले, काय प्यायले आणि काय वाचले, याचा हा धागा.

तालुक्याचा नकाशा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाचावा. वरच्या टोकाला सातपुडा आणि १९९७ मध्ये घोषित झालेले अंबाबरवा अभयारण्य. कोरकू, भिल्ल, निहाल यांची जुनी वस्ती. त्याखाली डोंगरउतारावरून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा, पाणी भरपूर मुरवणारा पायथा. सोनाळा, टुनकी ही गावे या बाजूची. येथे विहिरीचे पाणी गोडे आहे, म्हणून संत्र्यांच्या बागा उभ्या राहू शकल्या. तेथून पूर्णेकडे उतरू लागले की काळी चिकण माती खोल खोल होत जाते आणि पाण्याची चव बदलते. पातुर्डा याच दिशेला आहे. एकाच तालुक्यात काही कोसांच्या अंतरावर दोन वेगळ्या तहाना नांदतात.

हे क्षार आले कुठून, यावर भूवैज्ञानिकांत एकमत नाही. कुणी प्राचीन समुद्राचा अवशेष म्हणतो, कुणी बंदिस्त खोऱ्यात पाणी साचून, आटून मागे राहिलेले मीठ म्हणतो. पण खारटपणा किती, याचा पुरावा इतिहासात आहे. अकोला जिल्ह्यातील दहिहांडा परिसरात अशा विहिरींच्या पाण्यापासून एके काळी चक्क मीठ काढले जाई. ब्रिटिश अमदानीत तो उद्योग थांबला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर मीठ पिकवणारा प्रदेश म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

आता भाकरीकडे वळू.

विहीर आहे, मोट आहे, तरीही शेत भिजवता येत नाही, ही येथील शेतकऱ्याची जुनी कोंडी. सोडियमयुक्त पाणी काळ्या मातीला वारंवार दिले तर मातीचे कण सुटे होतात, त्यांच्यामधली छिद्रे बुजतात आणि जमीन दगडासारखी घट्ट होते. म्हणून येथील सारे स्वयंपाकघर आभाळाच्या पाण्यावर उभे राहिले. ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस आणि बांधाच्या कडेला अंबाडी. ज्वारीची मुळे खोल जातात, ती थोडाफार खार सोसते आणि पावसाने ओढ दिली तरी चटकन माघार घेत नाही. ज्वारीची भाकर ही वऱ्हाडी माणसाची आवड खरीच. पण ती आवड जमिनीने घडवलेली आहे.

अंबाडीचे तर विशेष कौतुक करावे. तिच्या सालीपासून दोर वळायचा आणि पाल्याची आंबट भाजी भाकरीबरोबर खायची. एका झाडात बैलांचे दावेही आणि माणसाचे कोरड्यासही! उन्हाळ्यात भाजी पिकवायला गोडे पाणी नसल्यामुळे हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, सुकवून ठेवण्याची रीत पडली. पहिल्या पावसाबरोबर तरोट्याची भाजी येई, पुढे घोळ आणि माठ. ज्वारी भरडून कण्या, ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकर, सुगीत हुरडा आणि महालक्ष्म्यांच्या सणाला ज्वारीचीच आंबील. आंबील आणि ताक या आंबट पेयांत पाण्याचा खारटपणा जिभेला कमी जाणवतो. क्षार मात्र पोटात जातातच.

आज शहरांतील दुकानांत हीच ज्वारी ‘आरोग्यदायी’ असा शिक्का मारून विकली जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांना अर्पण केले. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तितकाच चोथा असतो, हे खरेच. तरी नुसत्या ज्वारीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक जुनी नोंद विसरू नये. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दाखवले की, जवळपास केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा, पोटाचा आणि मनाचाही विकार आढळतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. ती उणीव डाळ भरून काढते. म्हणजे संग्रामपूरच्या थाळीचे बळ एकट्या भाकरीत नव्हते. भाकरीशेजारच्या वरणात, झुणक्यात, तुरीच्या सोल्यांच्या भाजीत आणि जवसाच्या चटणीत ते होते. ज्याच्या ताटातून वरण गेले, त्याच्या ताटातून आरोग्यही गेले.

आणि वरणाला गोडे पाणी लागते. ज्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, त्यात डाळ तासन्‌तास शिजवली तरी दाणा अख्खाच राहतो. हा प्रश्न स्वयंपाकघराला स्वतःच्या चतुराईने सोडवता येण्याजोगा नव्हता. नदीपात्रातील वाळूत झिरा खणायचा, पावसाचे पाणी जिरून जिथे खाऱ्या पाण्यावर गोड्याचा थर तरंगतो अशी नाल्याकाठची विहीर शोधायची, नाहीतर डोक्यावर घागरी घेऊन दुसऱ्या गावची वाट धरायची. ही वाट प्रामुख्याने बायकांनी तुडवली. गॅझेटियरांत मात्र पिके, कर आणि जत्रा यांनाच अधिक जागा मिळाली आहे.

इतिहासाचा मोठा रेटाही याच काळ्या मातीवरून गेला. मोगल काळात हा भाग वऱ्हाड सुभ्यातील नरनाळा सरकारात होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब–खामगाव फाट्याचे उद्घाटन केले. कापूस रुळांवरून मुंबईला गेला आणि ज्वारीच्या शेतांवर त्याचे अतिक्रमण होत राहिले. पुढे १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ आले, तेव्हा कापसाची गाठ खाता येत नाही हा धडा वऱ्हाडला फार महागात मिळाला. १९०५ च्या फेररचनेत जळगाव तालुका अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात आला. आजचे संग्रामपूर तेव्हा त्या तालुक्यातच होते.

या तहानेचे प्रतिबिंब लोकांच्या पोथीतही पडले आहे. पूर्णेच्या दक्षिणेला शेगाव येथे २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना आणि जनावरांसाठी ठेवलेले पाणी पिताना, अशी कथा आहे. दासगणूंच्या २१ अध्यायांच्या ‘गजानन विजय’ (१९३९) ग्रंथात अकोलीच्या भास्कर पाटलांची कथा येते. तहानलेल्या महाराजांना ते पाणी नाकारतात आणि मग जवळची कोरडी विहीर भरून वाहते. चमत्काराचा ऐतिहासिक पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण कोणत्या मुलखाने देवाकडे कोणता चमत्कार मागितला, हा मात्र इतिहासाचाच विषय आहे. सुपीक खोऱ्यातील भक्तांनी कोरड्या विहिरीची कथा इतक्या जिव्हाळ्याने जपली नसती. भक्तांच्या घरी आजही पिठले, भाकर, कांदा, मिरची आणि अंबाडीची भाजी हाच नैवेद्य असतो.

भास्कर पाटलांनी निदान पश्चात्ताप केला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणी नाकारले गेले, त्यांच्यासाठी कोणतीही विहीर आपोआप भरली नाही.

गोडे पाणी जिथे मोजके, तिथे विहिरीवरची जातीची बंदी किती जीवघेणी ठरत असेल, याचा विचार करावा. अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांना विहिरीपासून दूर उभे राहायचे, कुणी वरून पाणी ओतले तर घ्यायचे, नाहीतर खारे किंवा गढूळ पाणी प्यायचे. आहाराची उत्तम जाण असूनही अशा घरात वरण शिजत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले, ते या साऱ्या देशभरच्या विहिरींच्या वतीने. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक मुंबईहून सुरू झाले. महाडच्या पाण्याचा लढा त्याच्या पानोपानी होता. अक्षरओळख असलेल्या एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे, असे त्या काळचे वाचन. आरोग्यविषयक वाङ्मयाच्या कोणत्याही सूचीत या पत्राचे नाव सापडणार नाही. सापडायला हवे.

महाडनंतर दोन वर्षांनी ही चळवळ थेट या मुलखात आली. २९ मे १९२९ रोजी, ऐन उन्हाळ्यात, पातुर्डा येथे मध्यप्रांत-वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. अन्याय थांबला नाही तर धर्म सोडण्याची भाषा या परिषदेत उघडपणे झाली. येवल्याची सुप्रसिद्ध घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. म्हणजे पातुर्डा तिच्या सहा वर्षे आधीचे. चरित्रकार धनंजय कीर यांच्या नोंदीप्रमाणे परिषदेनंतर महिन्याभरात जळगाव भागात बारा महारांनी इस्लाम स्वीकारला, आणि त्या धक्क्याने सवर्णांनी दोन विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. बारा माणसांचे धर्मांतर आणि दोन विहिरी! पाठ्यपुस्तकांत महाड आहे, येवला आहे. संग्रामपूर तालुक्यातील या गावाचे नाव मात्र क्वचितच भेटते.

वऱ्हाडच्या दोन संतांनी हाच विषय आपल्या पद्धतीने हाताळला. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पूर्णाकाठच्या ऋणमोचनला घाट बांधून घेतला आणि हातात खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडले. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त गावाच्या आरोग्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. आहार, स्वच्छता आणि व्यायाम हे विषय पोथीसारख्या ओव्यांत मांडले, म्हणून ते देवळाच्या ओट्यावर सामुदायिक वाचनात पोहोचू शकले. त्याच काळातील मुंबई-पुण्याच्या छापील पाककृतींच्या पुस्तकांना हे जमले नाही. त्या पुस्तकांतले स्वयंपाकघर गहू-तांदळाचे आणि नळाच्या पाण्याचे होते.

पुढचा काळ झपाट्याने बदलला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो आणि कामावरची सुकडी लोकांनी खाल्ली, आणि ती चव त्या पिढीच्या जिभेवरून गेली नाही. नंतर रेशनचा गहू आला, सोयाबीन आले, ज्वारीचे क्षेत्र आटले. भाकर रोजच्या ताटातून सणावाराला सरकू लागली.

पाणी मात्र तेच राहिले. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालावेत, असे भारतीय मानक सांगते. खारपाणपट्ट्यातील कित्येक विहिरी ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. गावकरी त्याचा दोष पाण्याला देतात. वैद्यकशास्त्र अशा आजारांमागे एकाहून अधिक कारणे शोधते. ज्यांना परवडते ते जारचे पाणी विकत घेतात. म्हणजे गोड्या पाण्याला पूर्वी जात विचारली जाई, आता पैसे विचारले जातात.

या दोन तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली. तिचा उगम शेजारच्या तेल्हारा तालुक्यात, वारीजवळच्या वाण धरणात आहे. सातपुड्यातून येणारे तेच गोडे पाणी आता नळावाटे खाऱ्या गावांकडे आणायचे. धरणाखालच्या शेतकऱ्यांचाही त्या पाण्यावर दावा आहे आणि तो खोटा नाही. वाणचे पाणी आधी नळाला की पाटाला, हा वाद अजून मिटलेला नाही.