गोव्यातील घटस्फोटाचा कायदा : सभासदांसाठी प्राथमिक माहिती

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांचे सोयरसंबंध बेळगाव, कोल्हापूर, पुणे या भागांत आहेत. घरात घटस्फोटाचा विषय निघाला की तिकडून सल्ले येतात आणि ते बहुधा हिंदू विवाह कायद्याचे असतात. १९५५ चा तो कायदा गोव्याला लागू केलेला नाही. येथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आणि १९१० चे विवाह व घटस्फोटाचे कायदे आजही चालतात. मुक्तीनंतर १९६२ साली संसदेने केलेल्या कायद्याने ते कायम राहिले.

हे कायदे गोव्याचा अधिवास असलेल्यांसाठी आहेत. नोकरी-धंद्यासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबाला कोणता कायदा लागेल, हे केवळ रेशनकार्डावरून किंवा येथील पत्त्यावरून ठरत नाही. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा.

येथे विवाहाची नोंदणी सक्तीची आहे. सिव्हिल रजिस्ट्रारसमोर आधी इराद्याची सही आणि ठरावीक मुदतीनंतर कायम करण्याची सही, अशा दोन पायऱ्या असतात. 'मंगलाष्टके झाली, आता सह्या कशाला' असे म्हणणारी मंडळी अजून भेटतात. अशा घरातील मुलीला पुढे आपला हक्क सिद्ध करताना फार त्रास होतो.

घटस्फोट दोन प्रकारे मिळतो. एका पक्षाने मागायचा असेल तर व्यभिचार, छळ, किमान तीन वर्षे घर सोडून जाणे, चार वर्षे ठावठिकाणा नसणे, संमतीने सलग दहा वर्षे वेगळे राहणे अशी कारणे कायद्यात दिली आहेत. हिंदू विवाह कायद्यात घर सोडण्याची मुदत दोन वर्षे आणि बेपत्ता असण्याची सात वर्षे आहे, तेव्हा तिकडचे आकडे इकडे धरू नयेत. परस्पर संमतीसाठी लग्नाला दोन वर्षांहून अधिक काळ झालेला असावा आणि दोघांचेही वय पंचवीस पूर्ण असावे.

खरा फरक मालमत्तेत आहे. लग्नापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता समाईक होते. लग्नाआधीची, नंतर घेतलेली, साधारणपणे वारशाने आलेलीही त्यात येते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो. घर कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. लग्नानंतर हा करार बदलता येत नाही. म्हणूनच गोव्यात स्थावर विकताना किंवा बँकेकडे गहाण ठेवताना नवरा-बायको दोघांच्या सह्या घेतात. आयकरातही १९६१ च्या कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे, पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मे धरले जात आले आहे. जुनी विवरणपत्रे त्यामुळे सांभाळून ठेवावीत. वाद झाला तर कोणते उत्पन्न दाखवले होते हे त्यांतून कळते. मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी गोव्याचा अधिवास असलेल्याच्या वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने लग्न संपते, वाटणी आपोआप होत नाही. ती आपसांत लेखी करावी लागते, नाहीतर न्यायालयात इन्व्हेंटरीचे काम चालवावे लागते. त्याचा सध्याचा कायदा २०१२ चा असून तो २०१६ पासून अमलात आहे. अनेक जण हुकूमनामा हाती आला की येथेच थांबतात आणि फॉर्म वन-फोर्टीनवर जुनीच नावे राहतात. दहा वर्षांनी जमीन विकायला निघाले की पहिल्या जोडीदाराची सही शोधत फिरावे लागते. विवाहाच्या मूळ नोंदीवरही घटस्फोटाचा शेरा मारून घ्यावा. पुनर्विवाहाच्या वेळी तो लागतो.

गृहकर्ज दोघांच्या नावे असेल तर बँक घटस्फोट मानून एकाला मोकळे करत नाही. त्यासाठी बँकेला वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि उरलेल्याची परतफेडीची ऐपत पाहूनच तो मंजूर होतो. हप्ते थकले तर दोघांचीही पत खराब होते.

पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आणि छळापासून संरक्षणासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा हे दोन्ही गोव्यातही लागू आहेत. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट नाही. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि मालमत्तेच्या कागदांच्या प्रती न्याव्यात.