गाड्यांचा कायदा आणि उसनें शहाणपण

एका नगरानें दुसऱ्या नगराचें शहाणपण उसनें घ्यावें ही कल्पना आधुनिक वाटते. पण ती फार जुनी आहे. दक्षिण इटलींत हेराक्लिया नांवाची ग्रीकांची एक प्राचीन वसाहत होती. त्या परिसरांत इ. स. १७३२ मध्यें कांशाचे कोरीव पत्रे सांपडले. ते आज नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहेत. त्यांपैकीं एकाच्या पुढील बाजूस जुना ग्रीक लेख असून पाठीवर रोमन कायद्याचा लॅटिन मजकूर आहे. हा कायदा ज्यूलियस सीझरचा, इ. स. पूर्वीं ४५ च्या सुमाराचा, असें पुष्कळ काळ मानीत. त्याच्या कर्तृत्वाविषयीं आतां मतभेद आहे.

त्यांतील एक कलम मालाच्या गाड्यांविषयीं आहे. रोममध्यें जेथें सलग वस्ती आहे तेथें सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत गाडा हांकूं नये, असें तें सांगतें. रोमन लोक उजेडाचे बारा तास मोजीत. म्हणजे मावळतीपूर्वीं सुमारें दोन तास राहीपर्यंत रस्ता पायीं चालणाऱ्यांचा. पण कायदा करणारा मनुष्य नुसता मनाई करून थांबला नाहीं. देवालयें व सार्वजनिक इमारती यांच्या बांधकामाचें सामान, पाडकामाचा राडारोडा, वेस्टा देवीच्या कुमारिकांचीं धर्मकृत्यें, विजययात्रा व सार्वजनिक खेळ यांस त्यानें सूट दिली. रात्रीं आलेला गाडा दिवसां रिकामा, किंवा शहराची घाण घेऊन, परत जाऊं शके. नगराचें पोट आणि नगराचा केर हीं दोन्ही चाकांवरच चालतात, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

या व्यवस्थेची किंमत मात्र कोणीतरी मोजलीच. पुढें दीडशें वर्षांनीं जुव्हेनल या उपरोधकवीनें रोमच्या रात्रीचें चित्र काढलें, त्यांत अरुंद वळणांवर अडलेल्या गाड्यांचा गलबला आहे, आणि शांत झोंप ही धनिकांची मिरास झाली आहे. दिवसाचा रस्ता मोकळा झाला तो भाडोत्री खोल्यांतील गरिबांच्या निद्रेच्या मोलानें. पुढें हेड्रियन बादशहानें अतिभारानें लादलेल्या गाड्यांस रोममध्यें येण्याची बंदी केली, असें त्याचा चरित्रकार सांगतो. तेव्हां वेळ व वजन या दोन लगामी, आणि त्यांच्या जोडीला विचारपूर्वक दिलेली सूट, हीं साधनें प्राचीनांसही अवगत होतीं.

आधुनिक नगरांनीं यांहून मूलतः निराळें कांहीं शोधलें आहे असें नाहीं. त्यांनीं लगाम निराळ्या दिशेनें ओढला. लंडनमध्यें १९८५ सालीं अवजड मालमोटारींवर रात्रीं व सुटीच्या दिवसांत निर्बंध घातले गेले. म्हणजे रोमनें दिवस राखला, तर लंडननें रात्र राखली. नेदरलंड्सनें विसाव्या शतकाच्या अखेरीस तिसरी वाट धरली. रात्रीं माल उतरवावा, पण आवाजाची मर्यादा पाळून. त्यासाठीं गाडीचा पाट, ढकलगाडीचीं चाकें, दारें यांचीच घडण बदलावी. हा उपाय पुढें युरोपांतील इतर देशांनींही उचलला. २००० सालापासून युरोपीय संघाच्या आश्रयानें नगरांच्या मालवाहतुकीच्या अनुभवांची अशी देवघेव रीतसर चालूं लागली.

या देवघेवींत एक धोका आहे, आणि हेराक्लियाचा पत्रा त्याची आठवण देतो. रोमच्या रस्त्यांचीं कलमें तेथें कां कोरलीं गेलीं, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, जेथें रोमचे रस्ते नव्हते तेथें रोमच्या रस्त्यांचे शब्द पोहोंचले. शब्द उतरून घेणें सोपें असतें. आमच्या मुंबईंतही गजबजलेल्या रस्त्यांवर दिवसां ठराविक वेळीं अवजड वाहनांस मज्जाव असतो. तो योग्यच आहे. पण नियम उसना घेतांना त्याच्या सवलती आणि त्याचा भार हींही तपासून घ्यावीं. रस्ता कोणाचा मोकळा झाला, हें नगरपित्यांस लगेच दिसतें; झोंप कोणाची मोडली, हें त्यांनीं मुद्दाम विचारावें लागतें.