जेने यांचे भाषण : न्यू हेवन, १ मे १९७०

शुक्रवार, १ मे १९७०. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहर. येल विद्यापीठासमोरच्या ‘ग्रीन’ या जुन्या मैदानावर १५,०००च्या आसपास माणसे जमली होती. भोवतालच्या दुकानदारांनी काचांवर फळ्या ठोकून घेतल्या होत्या आणि रस्त्यांवर नॅशनल गार्डचे बंदूकधारी जवान उभे होते. दुपारी मंचावर एक ठेंगणा, टक्कल पडलेला, चामडी जाकीट घातलेला ५९ वर्षांचा माणूस आला. हातातल्या कागदावरून त्याने फ्रेंच भाषेत काही ओळी वाचल्या. समोरच्या बहुतेकांना त्यातले अक्षरही कळले नाही. मग तो बाजूला झाला आणि एल्बर्ट हॉवर्ड या धिप्पाड कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने त्याच भाषणाचा इंग्रजी अनुवाद वाचावयास घेतला.

तो माणूस म्हणजे फ्रेंच कादंबरीकार आणि नाटककार ज्याँ जेने. त्या भाषणाची आणि ज्या खटल्यामुळे ते झाले त्या खटल्याची ही हकिगत.

जेने यांना ‘वादग्रस्त’ म्हणणे म्हणजे पुष्कळच सौम्य बोलणे होय. १९१० साली पॅरिसमध्ये जन्म. आईने टाकून दिलेले हे मूल सरकारी अनाथ-व्यवस्थेत वाढले. किशोरवयात मेत्रे येथील बालगुन्हेगारांच्या वसाहतीत रवानगी, पुढे सैन्यातून पलायन, चोऱ्या, भटकंती आणि तुरुंगाच्या वाऱ्या. पहिली कादंबरी लिहिली तीही तुरुंगातच. जन्मभर गजाआड जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा कॉक्तो आणि सार्त्र यांनी राष्ट्राध्यक्षांकडे रदबदली केली आणि १९४९ मध्ये त्यांना माफी मिळाली. १९५२ मध्ये सार्त्र यांनी त्यांच्यावर प्रचंड ग्रंथ लिहून त्यांना ‘संत’ ठरवले. चोर, वेश्या, समलिंगी प्रेम, विश्वासघात यांविषयी निर्लज्ज सौंदर्याने लिहिणारा हा लेखक फ्रान्समध्येही अनेकांच्या डोळ्यांत सलत असे. अल्जीरियाच्या युद्धावरील त्यांच्या नाटकाचे प्रयोग १९६६ साली पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात सुरू झाले, तेव्हा प्रेक्षागृहात दंगल झाली. अमेरिकेत त्यांचे नाव गाजले ते ‘द ब्लॅक्स’ या नाटकामुळे. १९६१ पासून न्यूयॉर्कमध्ये त्याचे १,४००हून अधिक प्रयोग झाले आणि त्यात माया अँजेलू, जेम्स अर्ल जोन्स, सिसिली टायसन यांसारखे कृष्णवर्णीय कलावंत होते.

१९७०च्या आरंभी ब्लॅक पँथर पक्षाच्या प्रतिनिधींनी पॅरिसमध्ये जेने यांची भेट घेऊन साह्य मागितले. पत्रक काढावे, सभेला पाठिंबा द्यावा, एवढीच बहुधा अपेक्षा असावी. जेने यांनी थेट अमेरिकेस जाण्याची तयारी दाखवली. व्हिसा मिळाला नाही, म्हणून ते मार्च महिन्यात कॅनडामार्गे गुपचूप आत शिरले आणि सुमारे दोन महिने पँथर कार्यकर्त्यांच्या सोबतीने विद्यापीठांतून फिरत राहिले. इंग्रजी येत नव्हते. जे बोलावयाचे ते फ्रेंचमध्ये, आणि पुढचे सारे दुभाष्यावर.

दौऱ्यातील एक प्रसंग अँजेला डेव्हिस यांनी पुढे सांगितला आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेने यांचे भाषण होते आणि तेथील तत्त्वज्ञानाच्या तरुण अध्यापिका डेव्हिस दुभाषी होत्या. प्रसिद्ध नाटककार साहित्यावर बोलणार, या समजुतीने सभागृह भरले होते. जेने बोलू लागले ते पँथरांवर. श्रोत्यांत चुळबुळ सुरू झाली, कोणी मध्येच त्यांच्या लेखनाविषयी बोलण्याची विनंती केली. जेने यांनी साफ नकार दिला. लोक उठून जाऊ लागले. नाव लेखकाचे घ्यावे, माणसे जमवावीत आणि मग आपल्याविषयी एक शब्दही बोलू नये, असा हा विलक्षण हिशेब होता. श्रोत्यांना तो फसवणुकीसारखा वाटला असल्यास नवल नाही.

न्यू हेवनला मात्र साहित्याची अपेक्षा ठेवून कोणी आलेले नव्हते. तेथे प्रश्न फाशीचा होता. आज त्या सभेची छायाचित्रे पाहताना नेमकी हीच बाब विसरली जाते.

१९६६ साली ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केलेला ब्लॅक पँथर पक्ष हा पोलिसी अत्याचारांविरुद्ध शस्त्र बाळगून उभा राहणारा आणि त्याच वेळी गरीब मुलांना सकाळची न्याहारी देणारा पक्ष होता. एफबीआयने त्यात खबरे पेरले होते, खोटी पत्रे लिहून माणसांत भांडणे लावली होती. १९७१ मध्ये कागदपत्रे बाहेर आली तेव्हा या कारवायांचा पुरावा मिळाला. पण संशयाचे विष त्याआधीच पक्षात भिनले होते. मे १९६९ मध्ये न्यूयॉर्क शाखेतील ॲलेक्स रॅकली या १९ वर्षांच्या तरुणावर तो खबऱ्या असल्याचा आरोप ठेवून पक्षाच्याच माणसांनी न्यू हेवनमध्ये त्याचा छळ केला. त्या ‘चौकशी’चे ध्वनिमुद्रणही करण्यात आले. मग त्याला मिडलफील्डच्या दलदलीत नेऊन गोळ्या घातल्या. तो खबऱ्या असल्याचे कधीही सिद्ध झाले नाही.

त्याच सुमारास येलमध्ये भाषणासाठी आलेल्या बॉबी सील यांनीच हा हुकूम दिला, असे जॉर्ज सॅम्स या आरोपीने सांगितले. सील यांच्यावर आणि न्यू हेवन शाखेच्या प्रमुख एरिका हगिन्स यांच्यावर मृत्युदंडाला पात्र असे आरोप ठेवले गेले. हेच सील १९६९च्या ऑक्टोबरात शिकागोच्या खटल्यात न्यायाधीशांच्या हुकमावरून खुर्चीला जखडून, तोंडात बोळा कोंबून बसवले गेले होते. डिसेंबरात शिकागो पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टन या २१ वर्षांच्या पँथर नेत्याला त्याच्याच घरात गोळ्या घालून ठार केले. अशा काळात न्यायालयाकडून न्याय मिळेल यावर किती जणांचा विश्वास बसावा?

एप्रिलच्या मध्यावर न्यू हेवनच्या न्यायालयात डेव्हिड हिलियर्ड आणि एमरी डग्लस या दोन पँथर नेत्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची सजा झाली. जेने त्या दिवशी तेथे हजर होते. येलचे विद्यार्थी पेटून उठले आणि संपावर गेले. २३ एप्रिलला विद्यापीठाचे अध्यक्ष किंगमन ब्रूस्टर यांनी अध्यापकांच्या सभेत, कृष्णवर्णीय क्रांतिकारकांना अमेरिकेत कोठेही निःपक्ष न्याय मिळू शकेल याविषयी आपल्याला शंका वाटते, असे सांगितले. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी त्यांना पदावरून दूर करण्याची मागणी केली. ब्रूस्टर यांनी विद्यापीठाचे दरवाजे आंदोलकांसाठी उघडले, झोपण्याजेवण्याची सोय केली. वॉशिंग्टनने सुमारे ४,००० मरीन आणि छत्रीधारी सैनिक शेजारच्या राज्यांतील तळांवर सज्ज ठेवले. ३० एप्रिलच्या रात्री निक्सन यांनी कंबोडियात फौजा घुसवल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी सभा.

या पार्श्वभूमीवर जेने काय बोलले? व्यासपीठावरील इतर अनेक वक्ते जमावाला चेतवीत होते. जेने यांनी जमावालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि तो जमाव बहुतांशी गोऱ्या, सुखवस्तू विद्यार्थ्यांचा होता. वंशद्वेष हा काही दुष्ट पोलिसांपुरता नसून तो समाजात सर्वदूर पसरलेला आहे, डाव्या गोऱ्यांतही आहे, असे त्यांनी बजावले. गोऱ्या बंडखोरांना प्रतीकात्मक कृती फार आवडतात, घोषणा दिल्या की काही केल्याचे समाधान मिळते. पँथरांना मात्र प्रत्यक्ष जीवाची जोखीम घ्यावी लागते. विद्यापीठांना त्यांनी शोभेचे मासे पाळण्याच्या काचपेटीची उपमा दिली आणि गरज पडल्यास शिक्षण सोडून पँथरांच्या बाजूने उभे राहा, असे आवाहन केले. ज्या विद्यापीठाने त्या दिवशी सर्वांच्या जेवणाची व्यवस्था केली होती त्याच्याच दारात हे बोलणे म्हणजे धाष्टर्य खरेच. पण हे भाषण आजही वाचनीय वाटते ते अशाच जागांमुळे.

दोन मुद्दे विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला ड्रायफस प्रकरणाचा. १८९४ साली फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू सैनिकी अधिकाऱ्यास हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि १८९८ मध्ये कादंबरीकार झोला यांनी वृत्तपत्रातून जाहीर आरोपपत्र लिहून देश हलवून सोडला. तेथे ज्यू असणे हा गुन्हा ठरला, येथे काळे असणे हा गुन्हा ठरतो आहे. मात्र अमेरिकेत अद्याप कोणी झोला निपजलेला नाही, असे जेने म्हणाले. टोला अमेरिकन लेखकांना होता. उपमा तंतोतंत लागू पडत नाही, कारण ड्रायफस प्रकरणात कोणाचा खून झालेला नव्हता. न्यू हेवनच्या खटल्यामागे एका तरुणाचा मृतदेह होता. ‘बॉबीला सोडा, एरिकाला सोडा’ या घोषणांनी ते मैदान दुमदुमत होते. रॅकलीच्या नावाची घोषणा नव्हती.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. शतकानुशतकांच्या अपमानानंतर कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या मित्राकडेही सावधपणे पाहणारच. तेव्हा त्याच्याशी वागताना गोऱ्यांनी मनाचा एक हळुवारपणा, एक अदब शिकली पाहिजे, असे जेने यांचे म्हणणे होते. आपला उत्साह त्यांच्यावर लादू नये, त्यांचे नेतृत्व हिरावू नये. या बोलण्याला तातडीचा व्यावहारिक अर्थही होता. गोऱ्या तरुणांनी दंगल केली तर ते घरी निघून जातील आणि पोलिसांचा वरवंटा न्यू हेवनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांवर फिरेल, ही भीती स्वतः पँथरांना होती. म्हणून ते जमावाला शांत राहण्याचे आवाहन करीत होते. बाहेरून आलेले काही गोरे बंडखोर याबाबत त्यांच्याहून जहाल होते, ही त्या दोन दिवसांतली गंमत म्हणावी की शोकांतिका, हे ठरवणे कठीण आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न परका नाही. २९ मे १९७२ रोजी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथरची स्थापना केली ती अमेरिकेतल्या पँथरांचे नाव घेऊनच, आणि १९७३च्या जाहीरनाम्यात त्या लढ्याशी नाते सांगितले. मित्र म्हणून येणाऱ्या सवर्णाने चळवळीत कोठे उभे राहावे, कोणाच्या वतीने बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, यावर मराठीत पुढे किती शाई खर्ची पडली ते सर्वश्रुत आहे. जेने यांनी ग्रीनवर दिलेले उत्तर शब्दांपेक्षा कृतीत होते. चार ओळी वाचून ते मागे सरले आणि उरलेले भाषण हॉवर्ड यांच्या आवाजात लोकांनी ऐकले.

याचा अर्थ ते पँथरांना काही शिकवावयाचे नाही असे मानीत होते, असा नाही. पँथर नेत्यांच्या भाषणांत शत्रूला समलिंगी म्हणून हिणवण्याची सवय होती. स्वतः समलिंगी असलेल्या जेने यांनी यावर नापसंती कळवली, असे डेव्हिस यांनी नमूद केले आहे. ऑगस्ट १९७० मध्ये ह्यूई न्यूटन यांनी स्त्रियांच्या आणि समलिंगींच्या चळवळींना मित्र मानणारे निवेदन प्रसिद्ध केले आणि असे अपशब्द वापरणे थांबवा, असे कार्यकर्त्यांना सांगितले. त्या काळातील कोणत्याही लढाऊ पक्षासाठी हे धाडसच होते.

सभेच्या रात्री अश्रुधूर सुटला, येलच्या बर्फक्रीडा सभागृहात स्फोट झाले, पण सुदैवाने जीवितहानी झाली नाही. न्यू हेवन वाचले. तीनच दिवसांनी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. जेने तोवर अमेरिकेबाहेर निघून गेले होते. त्यांचे भाषण त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी लाइट्सने ॲलन गिन्सबर्ग यांच्या प्रस्तावनेसह पुस्तिकारूपाने काढले. शरद ऋतूत जेने जॉर्डनमधील पॅलेस्टिनी छावण्यांत पोहोचले. पँथर आणि पॅलेस्टिनी यांच्या आठवणींचे त्यांचे अखेरचे पुस्तक १९८६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाले.

खटल्याचे काय झाले? २५ मे १९७१ रोजी सील आणि हगिन्स यांच्याबाबत ज्यूरीचे एकमत होऊ शकले नाही. सील यांच्या बाबतीत अकरा जण निर्दोष ठरवण्याच्या बाजूचे होते. न्यायाधीश हॅरोल्ड मल्व्ही यांनी फेरखटल्यास नकार देऊन दोघांवरील आरोप रद्द केले. निःपक्ष न्यायाविषयी ब्रूस्टर यांनी व्यक्त केलेली शंका आणि ड्रायफसची उपमा या दोहोंना त्या निकालाने काहीसे अनपेक्षित उत्तर दिले. आंदोलनाच्या दबावाविना तो तसाच लागला असता का, यावर आजही दोन मते आहेत. रॅकलीवर गोळी झाडणाऱ्या वॉरन किंब्रो यांनी गुन्हा कबूल केला होता. सुमारे चार वर्षांनी ते सुटले आणि पुढे न्यू हेवनमध्येच, तुरुंगातून बाहेर पडणाऱ्या माणसांना पुन्हा उभे करणारी संस्था त्यांनी अनेक वर्षे चालवली.