वरचा विस्तव

बिडाच्या तव्यात अख्ख्या घराला पुरेल एवढी एकच मोठी चॉकलेट चिप कुकी भाजायची आणि ती गरम असतानाच चमच्याने मोडून खायची, हा प्रकार मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये आता रुळला आहे. त्याचा जन्मदाखला अमेरिकन आहे, याबद्दल वाद नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी टोल हाऊस नावाची खाणावळ चालवणाऱ्या रूथ वेकफिल्ड यांनी लोण्याच्या बिस्किटाच्या पिठात चॉकलेटचे तुकडे घातले. 1938 साली ती कृती त्यांच्या पुस्तकात छापून आली आणि पुढच्याच वर्षी नेस्ले कंपनीने तिचे हक्क घेतले. तीच कुकी तव्याएवढी करणं ही नंतरची हौस. आपल्याकडे मात्र या पदार्थाच्या निमित्ताने एक जुना समज पुन्हा पुन्हा सांगितला जातो. तो असा, की आपलं भाजणं म्हणजे भाकरी, पापड आणि वांगं. केक-बिस्किटांचं भाजणं आणलं पोर्तुगिजांनी, इराण्यांनी आणि इंग्रजांनी. आणि घरात ते शिरलं ते विजेचा ओव्हन आल्यावर. बेकरीच्या धंद्यापुरतं हे खरं आहे. घरापुरतं ते चूक आहे. डहाणूपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर गोड पिठाचा जाड थर भांड्यात घालून कोरडा भाजण्याची रीत ओव्हनच्या कितीतरी आधीपासून होती. मधल्या पन्नाससाठ वर्षांत ती विसरली गेली, आणि त्याचं कारण चुलीत बदललेलं जळण हे आहे.

ओव्हन म्हणजे पेटी नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. तव्यावर ठेवलेल्या पिठाला उष्णता मिळते ती फक्त खालून. भाकरी पातळ असते, ती उलटता येते, म्हणून तिला हे चालतं. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा सैल गोळा उलटता येत नाही. त्याचं बूड करपतं आणि माथा कच्चा, पांढरा राहतो. झाकण ठेवलं तर आतली वाफ कोंडते, माथा शिजतो खरा, पण त्याला रंग येत नाही. कारण खरपूसपणा यायला साधारण 140 अंशांच्या वरची कोरडी धग लागते आणि वाफाळलेल्या जागी ती मिळत नाही. म्हणजे ओव्हन जे खरं काम करतो ते एवढंच, की तो वरूनही तापतो. हे काम झाकणावर निखारे ठेवूनही होतं. झाकण लाल तापलं की त्याची धग पिठाच्या माथ्यावर उतरते, वाफेला कडेने वाट मिळते आणि वरचा पापुद्रा धरतो. अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्या लोकांनी ज्या बिडाच्या भांड्यात पाव भाजले, त्याच्या झाकणाला उभी कड असते ती याचसाठी: निखारे वर राहावेत आणि राख आत पडू नये. कोकणातल्या घरात त्या कडेच्या झाकणाचं काम खोलगट थाळी करत असे.

याचा पुरावा पदार्थांतच आहे. धोंडस घ्या. तांदळाचा रवा किंवा कणी, किसलेली मोठी काकडी, गूळ, थोडं तूप हे एकत्र शिजवून जाड बुडाच्या पातेल्यात थापायचं आणि खालीवर निखारे ठेवून बदामी होईपर्यंत भाजायचं. वड्या पाडल्या की कडेचा कुरकुरीत तुकडा कोणाला, यावरून पोरांत भांडण ठरलेलं. तव्यातल्या कुकीचं आजचं सगळं कौतुक ज्यावर उभं आहे ती कड खरपूस आणि मधला भाग मऊ, ही गोष्ट धोंडसात जशीच्या तशी आहे. दक्षिणेकडे गेलं की गोव्याचं बिबिक. नारळाचं दूध, अंड्यातला बलक, साखर आणि मैदा यांचा एकेक पातळ थर भांड्यात ओतायचा, वरून निखाऱ्यांची धग देऊन तो तपकिरी होऊ द्यायचा, मग त्यावर पुढचा. इथे खालच्या विस्तवाचं काम जवळजवळ संपलेलं असतं, सगळी मदार वरच्यावर. त्यासाठी नारळाच्या करवंट्यांचे निखारे पसंत करत, कारण त्यांची धग कडक असते. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि मीठ पिकवतात ती जागाही आगरच. या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, डहाणूच्या आगरातही करवंट्यांना तोटा नव्हता. मिठाकडे पुढे येऊ.

तिसरा पदार्थ डहाणूला सर्वांत जवळचा आहे. संजाण आणि उदवाडा ही पारशांची दोन मोठी स्थळं डहाणूच्या उत्तरेला, आजच्या गुजरातच्या हद्दीत, रेल्वेने तासाभराच्या आतबाहेर आहेत. उदवाड्याला 1742पासून इराणशाह हा पारशांचा पवित्र अग्नी आहे. या पट्ट्यातल्या पारशी घरांत कुमास नावाचा जुना केक होत असे. रवा किंवा गव्हाचं पीठ, अंडी, तूप, साखर, वेलची-जायफळ, वर चारोळी. आणि फुगवण्यासाठी यीस्ट नाही, सोडा नाही, ताडी. ताडाची आणि खजुरीची झाडं या किनाऱ्यावर रानासारखी वाढलेली. सकाळी उतरवलेली ताडी दुपारपर्यंत फसफसायला लागते, आणि ती पिठात घातली की पीठ फुगतं. भाखरा नावाची तळलेली गोड पुरीही ताडीवरच फुगे. हे फुगलेलं पीठ कल्हईच्या भांड्यात ओतून, वर-खाली कोळसे ठेवून भाजलं जाई. आंबवण, साखर, तूप आणि चारी बाजूंची कोरडी धग हे सगळं ज्या घरात जमून येतं, त्या घराला केक भाजता येत नव्हता असं म्हणायला जागा उरत नाही. ताडी मागे पडली तीही चवीच्या बदलामुळे नव्हे. 1878च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडांवरचा कर जड केला आणि 1949च्या दारूबंदी कायद्याने उरलेलं काम केलं. त्यानंतर कुमासात बेकिंग पावडर आली.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की झाकणावर निखारे तर दमच्या बिर्याणीलाही ठेवतात. मग यात भाजणं कुठून आलं? दिसायला दोन्ही सारखंच आहे, पण हेतू उलट आहे. दम देताना झाकणाच्या कडेला कणकेचा वेढा देऊन वाफ आत अडवतात. वरचे निखारे असतात ते झाकणाला पाणी सुटून भातात ठिबकू नये आणि धग सारखी राहावी म्हणून. धोंडस-कुमासाला वाफ जायला हवी असते. तिथे वेढा देत नाहीत आणि झाला की नाही हे सळई खुपसून पाहतात: कोरडी निघाली की झालं. केकची परीक्षा आजही तीच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डहाणू-वसईचा हा किनारा सोळाव्या शतकाच्या मध्यापासून 1739पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत डहाणू, तारापूर, वसई हा मुलूख मराठ्यांकडे आला. मग वरचे निखारे हीदेखील पोर्तुगिजांचीच देणगी कशावरून नाही? बिबिकाचं अंड्याचं मिश्रण तर उघड त्यांच्याच वळणाचं आहे. असेलही. ही रीत निखळ इथलीच होती असा दावा इथे केलेलाच नाही, आणि पदार्थांची जात लावण्याचा उद्योग मला तसा कंटाळवाणाच वाटतो. मुद्दा एवढाच, की कुठूनही आली तरी ती विजेच्या आणि गॅसच्या ओव्हनआधी घरात, बाईच्या हातात, रोजच्या चुलीवर बसलेली होती. आणि काकडी-गुळाच्या धोंडसापर्यंत पोचलेली होती, म्हणजे बाटलेल्या घरांपुरती तरी नक्कीच उरलेली नव्हती.

मग बेकरीची भट्टी कशाला लागली? धंद्याला. एकदा तापवली की शेकडो पाव आणि बिस्किटं निघतात, म्हणूनच तिचं जळण परवडतं. चार माणसांच्या घराला ती परवडणं शक्यच नव्हतं. इराणी झरतुष्ट्रींचा इतिहास इथे बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यझ्द आणि केरमान भागांतून जे लोक आले, त्यांच्यातल्या काहींनी मुंबई-पुण्यात चहाची हॉटेलं आणि बेकऱ्या काढल्या. काही डहाणू-घोलवड-बोर्डीकडे गेले आणि त्यांनी चिकूच्या वाड्या लावल्या. 1864 साली मुंबईपर्यंत आलेल्या रेल्वेमुळे त्या वाड्यांचा माल शहरात जाऊ लागला. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच बागाईतीचं फळ. एकाच समाजाचे दोन धंदे झाले, आणि भट्टी गेली ती गिऱ्हाईक दाट असलेल्या शहराकडे. छोट्या गावांत जिथे बेकरी निघाली, तिथे घरं तिच्याकडे जाऊ लागली. दिवाळी आणि मे महिन्यात मैदा, रवा, तूप, पिठीसाखर पिशवीत भरून बेकरीवर न्यायची, रांगेत बसायचं आणि नानकटाईने पत्र्याचा डबा भरून आणायचा, ही चाल महाराष्ट्र-गुजरातेत गेल्या शतकाच्या शेवटपर्यंत होती. यालाच बोट दाखवून कुणी म्हणेल, बघा, घरी भाजता येत नव्हतं म्हणूनच लोक बेकरीत जात. पण जात ते संख्येसाठी. पाच किलोची नानकटाई घरच्या एका पातेल्यात भाजायला दोन दिवस लागले असते. एकाच घाण्याचा पदार्थ, जसं धोंडस, कोणी बेकरीत नेल्याचं ऐकिवात नाही. गंमत अशी, की खुद्द नानकटाईही भट्टीवाचून होते: गुजरातेत आणि उत्तरेत हातगाडीवरचा विक्रेता ती सपाट तव्यात मांडतो आणि वर निखाऱ्यांचा दुसरा तवा ठेवतो. चॉकलेट चिप कुकीची ही सख्खी मावसबहीण. दोघींतही पिठाला पाणी जवळजवळ नसतं, चरबी आणि साखर भरपूर असते, म्हणून दोघी चिवट न होता खुसखुशीत होतात.

सर्वांत अडचणीचा प्रश्न अजून राहिला आहे. डहाणू-तलासरीत सर्वाधिक वस्ती वारली आदिवासींची. कुमास आणि धोंडस हे बागाईतदारांचे, सुखवस्तू घरांचे पदार्थ. तीन दगडांच्या चुलीवर नाचणीची भाकरी थापणाऱ्या पाड्यांचा त्यांच्याशी काय संबंध? मग ‘या मुलखाची रीत’ असं म्हणणं लबाडीचं नाही का? अंशतः आहे, हे मान्य करायला हवं. पण वारल्यांच्या घरी गोड भाजणं नव्हतं याचं कारण तंत्र नव्हतं हे नाही. निखारे कसे करायचे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ठाणे जिल्ह्याच्या जंगलातून मुंबईला जाणारा लाकूडफाटा आणि कोळसा त्यांच्याच हातांनी तयार होई. नव्हतं ते तूप, साखर आणि वेळ. 1930च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीवर सरकारला दिलेल्या अहवालात वेठबिगारीचं वर्णन आहे; 23 मे 1945ला झरी इथे जमलेल्या हजारो वारल्यांनी वेठ नाकारली, तो लढा गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवला आहे. ज्यांनी कोळसा पाडला त्यांच्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवावेत असं काही नव्हतं. खाद्यसंस्कृतीचे इतिहास तंत्राबद्दल भरभरून लिहितात आणि पिठात घालायला साखर कोणाकडे होती हे विचारत नाहीत. तव्यातल्या कुकीच्या बाबतीत तोच प्रश्न आधी यायला हवा.

आता विसरण्याबद्दल. वरचा विस्तव गेला तो लाकडाची चूल गेली तेव्हा. रॉकेलच्या स्टोव्हला निखारा नसतो. 1955च्या सुमारास मुंबईत बर्मा-शेलचा सिलिंडरचा गॅस आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो तालुक्याच्या गावी पोचला. त्याच्या ज्योतीलाही निखारा नसतो. भांडं तेच, पीठ तेच, पण आता विस्तव फक्त खाली. बायकांनी धोंडस वाफवायला सुरुवात केली, तो फिका पडला, आणि भाजलेलं हवं तर ओव्हन पाहिजे ही समजूत पक्की झाली. मग अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, ज्याच्या झाकणात तार असते. म्हणजे निखाऱ्यांची थाळीच, फक्त वायर लावलेली. विजेचाही डहाणूशी संबंध जुन्या कोळशासारखाच आहे: 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेल्या या तालुक्यात 500 मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं राहिलं, ते मुंबईच्या घरांना वीज पुरवण्यासाठी. तिकडे मुंबईच्या भट्ट्यांचं लाकूडही आता सुटतं आहे. जानेवारी 2025मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ जळणाकडे वळवण्यासाठी मुदत घातली.

ज्या घरात ओव्हन नाही, तिथे मात्र जुनी रीत नव्या वेषात चालू आहे. जाड बुडाच्या पातेल्यात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये जाड्या मिठाचा, म्हणजे आगरातल्या मिठाचा, बोटभर थर पसरायचा, तो दहा मिनिटं तापवायचा आणि त्यावर केकचं भांडं ठेवायचं. मिठाने खालची धग पसरते, बूड करपत नाही. पण माथा फिकाच राहतो. म्हणून बिडाच्या तव्यातली कुकी गॅसवर करणाऱ्या सुगरणी दुसऱ्या शेगडीवर एक लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवतात आणि शेवटची पाच-सात मिनिटं तो कुकीवर झाकण म्हणून पालथा घालतात.