पुण्याचा क्लब दिल्लीत कसा पोचला

पुण्याचा फुटबॉल क्लब सध्या दिल्लीत आहे. चेष्टा नाही करत. २०१४ ला आयएसएल सुरू झाली तेव्हा पुण्याला तिच्यात एक जागा होती. ती २०१९ मध्ये हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये हैदराबादहून दिल्लीला. मग दिल्लीची स्वतःची जागा कुठे गेली म्हणाल, तर ती २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेली होती, ओडिशा एफसी या नावाने. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा प्रकार. रुमाल ज्याचा, सीट त्याची. गाव कुठलं याच्याशी संबंध नाही.

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत या शहरात चार मोठे क्लब आले आणि चारही गेले, आणि हे सगळं एकत्र कुणी सांगत नाही. आयटीतली नवीन पोरं विचारतात, "पुण्याला टीम का नाही?" टीम नव्हती असं नाही रे. टीमा होत्या, आणि बऱ्यापैकी होत्या.

सुरुवात पुणे एफसीपासून. २००७ ला अशोक पिरामल ग्रुपने हा क्लब काढला, नंदन पिरामल त्याचे सर्वेसर्वा. दुसऱ्या डिव्हिजनमधून वर येऊन २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये पहिल्यांदा खेळले आणि थेट तिसरे आले. वर फक्त डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स. गोव्याच्या फुटबॉलचा तो दरारा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की पहिल्याच वर्षी तिसरं येणं म्हणजे काय. कोच होते डेरिक परेरा. हेच डेरिक सर आधी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकून देऊन आले होते. आणि जो २००९-१० चा सीझन पुण्याचा पहिला, तोच महिंद्राचा शेवटचा. १९६२ पासून चाललेला क्लब कंपनीने २०१० मध्ये बंद करून टाकला. तेव्हा आपण पुणेकर खुशीत होतो. मुंबईचा गेला, आपला आला! शेजारचं घर पडलं तर आपली भिंत बघायची असते, हे तेव्हा सुचलं नाही कुणाला.

पुणे एफसीचं मला आजही कौतुक वाटतं ते निकालांपेक्षा त्यांच्या कामाचं. सुब्रत पॉल, जेजे, अनस एडाथोडिका, सगळे या क्लबकडून खेळून गेले. अ‍ॅकॅडमी होती, आणि नुसती बोर्डावर नव्हती. आशिक कुरुनियन त्याच अ‍ॅकॅडमीतून आला, पुढे भारताकडून खेळला. २०१२-१३ ला क्लब लीगमध्ये दुसरा आला, चॅम्पियन चर्चिल. बालेवाडीला गर्दी कधी हजारांत, कधी शेकड्यांत. बायपासला उतरून चालत जायचं, आणि मॅच सुटल्यावर परतीची बस मिळाली तर नशीब. पण दर मॅचला तीच तोंडं दिसायची, नावानिशी ओळख व्हायची. क्लब असाच उभा राहतो. दहा-पंधरा वर्षं तीच तोंडं दिसायला लागतात, मग त्यांची पोरं यायला लागतात.

आपल्याला मिळाली आठ वर्षं.

२०१४-१५ चा सीझन आठवा. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बालेवाडीत एफसी पुणे सिटी, म्हणजे नवी कोरी आयएसएल. स्टँडमध्ये हृतिक रोशन, मैदानात फ्रान्सचा वर्ल्डकप विजेता डेव्हिड त्रेझेगे. जानेवारीपासून त्याच मैदानावर आय-लीगमध्ये पुणे एफसी. आणि त्याच आय-लीगमध्ये, त्याच मैदानावर, कल्याणी ग्रुपचा नवा भारत एफसी. एका मैदानावर एका सीझनमध्ये तीन व्यावसायिक क्लब, असं देशात दुसरीकडे क्वचितच घडलं असेल. आम्ही म्हणायचो, पुणे आता फुटबॉलचं शहर झालं.

२०१५ च्या उन्हाळ्यानंतर तीनातले दोन उरले नाहीत.

भारत एफसीची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. हा क्लब खालून चढून आलेला नव्हता, फेडरेशनने कॉर्पोरेट एंट्री म्हणून त्याला थेट वरच्या लीगमध्ये घेतलं होतं. अशा क्लबला रेलिगेशनपासून संरक्षण असायचं. अकरा टीममध्ये भारत एफसी शेवटचा आला, पण नियमामुळे वाचला, आणि खाली गेला डेम्पो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता डेम्पो! आणि मग ज्याला वाचवलं त्या भारत एफसीने एकाच सीझननंतर दुकान बंद केलं. डेम्पो मात्र खालच्या डिव्हिजनमध्ये खेळून, ती जिंकून परत वर आला. (पुढे २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघेही आय-लीग सोडून गेले, तो वेगळा विषय. त्यावर गोव्याच्या मित्रांनी लिहावं.)

पुणे एफसी त्याच वर्षी थांबला. मला विचाराल तर कारण साधं आहे. आय-लीगच्या क्लबला कमाई कसली? टीव्हीचे पैसे जवळपास शून्य, तिकीट स्वस्त, स्टेडियम सरकारी म्हणजे तेही भाड्याचं. खर्च मात्र खरा. २०१० मध्ये फेडरेशनने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा ७०० कोटींचा करार केला, त्यातून आयएसएल आली, आणि टीव्ही, जाहिराती, सिनेमावाले सगळे तिकडे वळले. जुन्या लीगमधल्या क्लबने वर्षाला कोट्यवधी घालायचे आणि बातमी दुसऱ्याची यायची. मालक किती दिवस घालेल? अ‍ॅकॅडमी नंतर एफसी पुणे सिटीकडे गेली. म्हणजे त्या क्लबमध्ये विकण्यासारखं एवढंच होतं: पोरं.

मधल्या रिकाम्या जागेत डीएसके शिवाजीयन्स आले. शिवाजीयन्स हा पुण्याच्या स्थानिक लीगमधलाच क्लब, त्याला बिल्डर डी. एस. कुलकर्णींचं नाव आणि पैसा लागला. लोणी काळभोरला लिव्हरपूलच्या नावाची अ‍ॅकॅडमी झाली. २०१५-१६ मध्ये पुन्हा तीच थेट एंट्री, पुन्हा शेवटचा नंबर, पुन्हा नियमाने बचाव. आणि कोच कोण? डेरिक परेरा! या माणसाने एक पुस्तक लिहावं. दोन सीझन खेळून २०१७ मध्ये क्लब लीगमधून बाहेर. फेब्रुवारी २०१८ मध्ये डीएसकेंना ठेवीदारांच्या प्रकरणात अटक झाली. ज्यांनी पेन्शनचे पैसे तिथे ठेवले होते, त्यांच्यापुढे आमचं फुटबॉलचं दुःख काहीच नाही, हे मान्य. पण पैशाची गाडी एकच होती. ठेवीदार पुढच्या डब्यात, आम्ही मागच्या.

आता एफसी पुणे सिटी. मालक राजेश वाधवान ग्रुप, म्हणजे डीएचएफएलवाले. पाच सीझन खेळले. कोचची यादी बघा: फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रांको पोपोविच, मार्कोस पाकेटा, मिगेल पोर्तुगाल, प्रद्युम रेड्डी, फिल ब्राउन. पाच सीझनला आठ नावं. सलग दोन सीझन एकही टिकला नाही. पाकेटा तर जून २०१८ ला नेमले गेले आणि त्याच महिन्यात ब्राझीलला बोटाफोगोकडे निघून गेले, इथे एक मॅचसुद्धा झाली नाही. पोर्तुगाल यांना तीन मॅच मिळाल्या.

एकदाच हात पोचत होता. २०१७-१८, पोपोविच कोच, मार्सेलिन्यो आणि अल्फारो फॉर्मात, पहिल्यांदाच सेमीफायनल. बालेवाडीत बंगळुरूशी ०-०. मग ११ मार्चला बंगळुरूत सुनील छेत्रीची हॅटट्रिक, ३-१. हरलो, पण वाटलं की ही टीम ठेवली तर पुढच्या वर्षी जमेल. पुढच्या वर्षी पोपोविच नव्हते.

इथे थोडं शेअर बाजाराकडे बघू, कारण २०१८-१९ चा तो सीझन मैदानावर समजतच नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडाली आणि सगळ्या फायनान्स कंपन्यांना बाजारातून पैसे मिळणं अवघड झालं. २१ सप्टेंबरला डीएचएफएलचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. साधारण त्याच सुमाराला आपला सीझन सुरू होत होता. पुण्यातला फॅन म्हणत होता, डिफेन्स का ढिला आहे, कोच का बदलला. अरे, मालकाच्या घराला आग लागलीय! जून २०१९ मध्ये कंपनीने देणी चुकवली. ऑगस्टमध्ये जाहीर झालं की एफसी पुणे सिटी नाही, त्या जागी हैदराबाद एफसी, मालक विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरानेनी. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं. ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांना पूर्ण पैसे मिळाले नाहीत. २०२१ मध्ये डीएचएफएल विकत घेतली ती अजय पिरामल यांनी. होय, पिरामल. पुणे एफसीवाल्या अशोक पिरामल ग्रुपची ही दुसरी पाती, वाटण्या आधीच झालेल्या. तरी वाचून हसू येतं. आपल्या दोन्ही क्लबांची आडनावं शेवटी एका दिवाळखोरीच्या फाइलमध्ये भेटली.

फॅन म्हणून मला लागलं ते ऑगस्ट २०१९ चं. मॅच हरून गेला असता, रेलिगेट झाला असता, तरी चाललं असतं. इथे एक निवेदन आलं आणि विषय संपला. कागदावर हैदराबाद ही नवी फ्रँचायझी, पण खेळाडूंचे करार तिकडे गेले आणि कोच ब्राउनही तिकडेच गेले. २०२२ मध्ये हैदराबादने फातोर्ड्यात केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. निखिल पुजारी त्या संघात होता. आपला निखिल. मी आनंदाने ओरडावं की टीव्ही बंद करावा, हे मॅच संपेपर्यंत ठरलं नाही. आणि दोनच वर्षांत हैदराबादची तीच गत. थकलेले पगार, २०२३-२४ च्या पूर्ण सीझनमध्ये एक विजय, मग नवे मालक आणि २०२५ मध्ये दिल्ली.

लोक लगेच म्हणतात, पुण्यात फॅनच नव्हते, म्हणून गेले. अर्धं खरं आहे. पण महिंद्रा गेली, मुंबई एफसी २०१७ मध्ये रेलिगेट होऊन बंद पडला, गोव्यासारख्या ठिकाणी क्लब माघारी गेले. तिथेही फॅन नव्हते का? आणि कोल्हापूर बघा. पाटाकडील, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा. मालक कोण? पेठ. तालीम. शाहू स्टेडियम भरतं. त्यांचे प्रश्न आहेत, हुल्लडबाजी आहे, खुन्नस आहे, खेळाचा दर्जा राष्ट्रीय नाही, सगळं कबूल. पण एखाद्या बिल्डरचा शेअर पडला म्हणून पाटाकडील तालीम उद्या हैदराबादला जाणार नाही. ती उचलताच येत नाही, कारण ती कुणा एकाची नाही.

इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब २००२ मध्ये मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा फॅन लोकांनी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, तळापासून. नऊ वर्षांत तो फुटबॉल लीगमध्ये पोचला. आपण का नाही केलं? एक तर आपण थोडे होतो, आणि पाच वर्षांत फॅन जेमतेम एकमेकांना ओळखायला लागतात. दुसरं, २०१९ मध्ये तळापासून आयएसएलपर्यंत शिडीच नव्हती. क्लब काढला असता तरी तो चढणार कुठे? आता आय-लीग जिंकणाऱ्याला वर जायची वाट आहे, पंजाब आणि मोहमेडन त्या वाटेने गेले. म्हणजे निदान हे कारण आता उरलेलं नाही.

कधीतरी पुन्हा कुणी उद्योगपती पुण्यात पत्रकार परिषद घेईल, नवी जर्सी दाखवेल, बाजूला एखादा हिरो असेल. मी जाणार आहे. जर्सीसुद्धा घेईन, माझं काही खरं नाही. पण तिथे कुणी फुटबॉलवाला पत्रकार मित्र असेल तर त्याने फॉरेनर कोण येणार हे नंतर विचारावं. क्लबचं नाव आणि लोगो कंपनीच्या मालकीचे राहणार की एखाद्या ट्रस्टच्या? फॅनचा एक तरी माणूस बोर्डावर असेल का? आणि उद्या मालकाने हात वर केले तर अ‍ॅकॅडमीतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचं राहणं, जेवण आणि शाळा कोण बघणार, हे लेखी कुठे आहे?