मॅक, विंडोज आणि आजीच्या ओव्या

गेल्या आठवड्यात ऑफिसात नवीन लॅपटॉपसाठी फॉर्म आला. मॅक की विंडोज? झालं! टपरीवर चहा गार होईपर्यंत वाद. मग एडिटर कोणता, ब्राउझर कोणता... आम्हा वेब डेव्हलपर मंडळींना भांडायला एवढं पुरतं. मीही हिरिरीने भांडलो आणि शनिवारी सकाळी राहुरीची एसटी पकडली.

घरी माळ्यावर बाबांच्या जुन्या डीटीपीच्या दुकानाचं सामान पडून आहे. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, कृषी विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध, सगळं तिथे व्हायचं. खोक्यात एक सीडी सापडली. वर बाबांच्या अक्षरात 'आईच्या ओव्या, २००१'. आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या बाबांनी तिला समोर बसवून टाइप केल्या होत्या. कागदाची प्रत वाळवीने खाल्ली. आजी जाऊनही नऊ वर्षं झाली.

सीडी चालली हेच नवल. पण फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं!

बाबा म्हणाले, "अरे, त्याला ते सॉफ्टवेअर लागतं. आणि सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात लावायचं डोंगल."

ते पोर्ट आता कुठल्या लॅपटॉपला असतं?

हे असं का झालं? तेव्हाच्या डीटीपी फॉन्टांची एक युक्ती होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवायचे: काना, वेलांटी, अर्धा स. कॉम्प्युटर समजतो की आपण इंग्रजी साठवतोय, मराठी फक्त दिसते. शिवाय कुठला तुकडा कुठे, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. फॉन्ट बदलला की मजकूर गेला.

चांगला मार्ग नव्हता असंही नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. म्हणजे 'क' ला स्वतःचा क्रमांक मिळाला, ०९१५. फॉन्ट कोणताही असो, क तो क. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट आला. पण बाबांच्या पीसीवर होतं विंडोज ९८, आणि छापखान्याला चालायचा तो जुनाच फॉन्ट. बाबांनी तेव्हा जे निवडलं ते धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, म्हणजे या सीडीनंतर जेमतेम दोन वर्षांनी. तिथे युनिकोडात लिहिलेलं आज कुठल्याही मोबाईलवर वाचता येतं. आजीच्या ओव्या मात्र बंद!

सुदैवाने त्याच सीडीवर एका लग्नपत्रिकेची फाइल होती आणि खोक्यात छापील पत्रिकाही. दोन्ही शेजारी ठेवून कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता केला आणि पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. खरी डोकेदुखी पहिल्या वेलांटीची. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात नंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलटं. रात्री दोनला पहिली ओवी वाचता आली. एकूण ११२ निघाल्या.

सकाळी बाबांना लॅपटॉप दिला. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओवीला थांबले. म्हटलं, स्क्रिप्ट चुकली वाटतं.

"नाही रे, इथे मीच चुकीचं टाइप केलंय. आई असं म्हणत नव्हती." आणि त्यांनी तो शब्द दुरुस्त केला. पंचवीसेक वर्षांनी!

सोमवारी फॉर्म भरला. काय निवडलं ते विचारू नका, तीन-चार वर्षांत तेही भंगारात जाणार. आता कुठलंही टूल घेताना मी एकच प्रश्न विचारतो: हे बंद पडलं, तर माझं लिहिलेलं दुसरीकडे उघडेल का? ओव्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, युनिकोडात ठेवल्यात. तीन ठिकाणी. आणि एक प्रत कागदावर, वाळवीपासून लांब.

असो. तुमच्याही माळ्यावर एखादी सीडी असेल तर या शनिवारी काढाच. ज्याने टाइप केलं तो माणूस शेजारी आहे तोवर.