आवाज आणि चित्राची चुकामूक

पडद्यावरचे ओठ मिटतात आणि शब्द मागाहून येतो, हे दुखणं संगणकाने आणलेलं नाही. १९२६ साली अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सनी व्हायटाफोन आणलं. त्यात आवाज फिल्मवर नव्हताच, तो सोळा इंची तबकडीवर असायचा. फिल्म मध्येच तुटली आणि ऑपरेटरने चार फ्रेम कापून जोड दिला, की उरलेलं रीळभर चित्र पुढे आणि आवाज मागे. म्हणून कापलं तेवढं काळं फिल्म मध्ये भरावं लागे. पुढे आवाज फिल्मच्याच कडेला छापू लागले, तेव्हा ही कटकट मिटली.

ती परत आली, आवाजाचे आकडे झाले तेव्हा. संगणकीय ध्वनिमुद्रणात आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेतात. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० ठरला. असा तिरपागडा आकडा का? तर सुरुवातीला हे नमुने साठवायला सोयीची वस्तू होती व्हिडिओ टेप. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने बसवायचे. अमेरिकी-जपानी पद्धतीत उपयोगाच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी, ५० वेळा. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर एकच! म्हणजे आवाजाने आपलं माप चित्राकडूनच उसनं घेतलं. १९८२ साली सीडी बाजारात आली आणि ते माप घरोघरी गेलं.

व्हिडिओवाल्यांनी मात्र ४८,००० धरला. त्याला कारण आहे. टीव्हीच्या २५ फ्रेमने भागला तर प्रत्येक फ्रेमला १,९२० नमुने, सिनेमाच्या २४ ने भागला तर नेमके २,०००. सीडीचा आकडा २४ ने भागला, की अर्धा नमुना उरतो.

आजची बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअर हा फरक आपोआप सावरतात. पण फाइलच्या माथ्यावरची नोंद चुकीची असली, तर ४४,१०० चा आवाज ४८,००० च्या वेगाने धावतो. दहा मिनिटांचं भाषण नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपतं आणि स्वर दीड पट्टी चढतो. एका दिवंगत कवीवरच्या लघुपटात मी हे ऐकलं. खर्जातला, थांबून थांबून बोलणारा माणूस घाईने, पातळ आवाजात कविता म्हणत होता. श्रोत्यांतल्या तरुणांनी त्याला कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे कोणालाच काही खटकलं नाही. त्यांच्यापुरता तोच त्याचा आवाज!

एमपी३ ची तऱ्हा वेगळी. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत घडलेल्या या प्रकाराला १९९५ साली हे नाव मिळालं. कानाला न कळणारं गाळून टाकायचं, ही त्याची युक्ती. काही फाइलींत शांततेला कमी जागा आणि गजबजीला जास्त, असा बदलता हिशेब असतो. ऐकायला झकास, पण संकलनात नेमक्या क्षणी उडी मारायची, तर सॉफ्टवेअरचा अंदाज चुकतो आणि आवाज सरकत जातो. फाइलचं नाव बदलून 'वाव्ह' केल्याने काही होत नाही. पोटातला माल तोच राहतो. फाइल रीतसर रूपांतरित करावी लागते: वाव्ह, ४८,०००, सोळा बिट. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर ते काम करतं.

घरात आजोबांच्या आवाजाची कॅसेट असेल, तर ती थेट एमपी३ मध्ये उतरवू नका. गाळलेलं परत मिळत नाही. आधी वाव्ह करून ठेवा, आणि ज्याने तो आवाज ऐकलाय अशा माणसाला शेजारी बसवून एकदा पूर्ण ऐका.